राणीच्या बागेतली झाडे

मुंबईतल्या एका मराठी शाळेत मी बत्तीस वर्षे इतिहास शिकवला. दरवर्षी पाचवीची सहल राणीच्या बागेत जायची. हत्ती पाहायचा, वाघ पाहायचा, डबे खायचे आणि मुले मोजून बसमध्ये बसवायची. फाटकाजवळच्या गोरखचिंचेच्या अवाढव्य बुंध्यापाशी मी मुलांना एकदाही थांबवले नाही. आता ते टोचते, कारण ही बाग मुळात प्राण्यांची नव्हेच, झाडांची!

तिची सुरुवात झाली ती बागकामाची हौस असलेल्या लोकांच्या मंडळापासून. १८३०च्या सुमारास मुंबईत ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाली. कुठकुठली झाडे आणून आपल्या मातीत रुजवून पाहायची, हा तिचा उद्योग. १८३५ मध्ये शिवडीला तिला सरकारी जागा मिळाली. पुढे बाग भायखळ्याला आली आणि शिवडीच्या जागेवर ख्रिस्ती दफनभूमी झाली. भायखळ्याच्या बागेच्या उभारणीत डॉ. जॉर्ज बर्डवूड आणि आपले डॉ. भाऊ दाजी लाड या दोघांचाही हात होता. गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते १९ नोव्हेंबर १८६२ रोजी बागेचे उद्घाटन झाले. व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले, म्हणून लोकांच्या तोंडी ‘राणीची बाग’. आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे.

पण बाग लावणे सोपे, चालवणे कठीण. १८७३ मध्ये सोसायटीचा कारभार आटोपला आणि बाग नगरपालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालय त्यानंतरचे, १८९०चे. गंमत पाहा, मागून आलेल्या पाहुण्यांनी घरच नावावर करून घेतले. बाग म्हटले की आपल्याला प्राणीच आठवतात.

याची किंमत २००७ मध्ये कळली. महापालिकेने ‘आंतरराष्ट्रीय दर्जाच्या’ प्राणिसंग्रहालयाचा आराखडा आणला. जुन्या झाडांचे काय, हा प्रश्न कोणी विचारला? नेहमी बागेत येणाऱ्या काही बायकांनी. त्या अधिकारी नव्हत्या, पुढारी नव्हत्या. त्यांनी झाडे ओळखली, त्यांच्या नोंदी केल्या, लोकांना बागेत फिरवून झाडांची नावे सांगितली, अर्ज केले, हरकती घेतल्या. हे वर्षानुवर्षे चालले. मूळ आराखडा त्या स्वरूपात अमलात आला नाही. पुढे बदल झालेच. २०१७ पासून तिथे पेंग्विनही पाहता येतात. पण झाडांना न विचारता बागेत काही करता येत नाही, एवढा धाक तरी बसला.

मला वाटते, १८७३ मध्ये संपलेल्या त्या मंडळाचे काम या बायकांनीच पुढे चालवले. फरक इतकाच की पहिल्या मंडळाकडे सरकारी जागा होती, यांच्याकडे फक्त झाडांची ओळख होती. आणि ज्याचे नाव माहीत असते त्याच्यासाठी माणूस भांडतो. नाव माहीत नसले तर ते नुसते ‘एक झाड’, तोडले काय, राहिले काय!

परवा नातीला घेऊन गेले होते. पेंग्विन पाहून झाल्यावर तिला उर्वशीपाशी नेले. हे झाड ब्रह्मदेशचे. लालभडक फुलांचे घोस दिव्यांच्या झुंबरासारखे लोंबत होते. ‘‘आजी, याचं नाव काय?’’ तिने विचारले.

बत्तीस सहली झाल्या, पण हा प्रश्न मी कुणाला विचारू दिला नव्हता. असो. एकीला तरी उत्तर देता आले.