गजकर्ण आणि ‘तीन औषधांचे’ मलम

पावसाळा लागला की त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत गजकर्णाचे रुग्ण वाढू लागतात. दमट हवा, अर्धवट वाळलेले कपडे आणि दिवसभर अंगाला चिकटून राहणारी जाड जीन्स. बुरशीला वाढायला एवढे पुरते. एकेकाळी काही आठवड्यांत आटोक्यात येणारा हा विकार. आता तो वर्ष-वर्ष जांघेत ठाण मांडतो, घरातल्या इतरांनाही होतो आणि औषध थांबताच परततो. ‘आधी काय लावले होते?’ असे विचारले, की रुग्णाच्या पिशवीतून बहुधा एक चुरगळलेली ट्यूब निघते. ती कधी शेजाऱ्याने सुचवलेली असते, कधी औषधविक्रेत्यानेच दिलेली.

अशा ट्यूबमध्ये अनेकदा तीन औषधे एकत्र असतात : बुरशीनाशक, जिवाणूनाशक आणि स्टेरॉइड. आजार कोणताही असो, काहीतरी लागू पडेलच, असा हा हिशेब. खरी मेख स्टेरॉइडमध्ये आहे. ते त्वचेचा दाह शमवते. त्यामुळे लाली आणि खाज दोन-तीन दिवसांत कमी होते व गुण आला असे वाटते. परंतु तो दाह म्हणजे बुरशीविरुद्ध शरीराने उभारलेला प्रतिकार असतो. तोच दडपला गेल्यावर बुरशीला रान मोकळे मिळते. गजकर्णाची ओळख असलेली गोल, उठावदार कड पुसट होते आणि निदान करताना डॉक्टरही चकतात. ब्रिटनमधील आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ मध्ये अशा वेश पालटलेल्या गजकर्णाचे वर्णन ‘टिनिया इन्कॉग्निटो’ या नावाने केले होते.

याचा अर्थ स्टेरॉइड हे वाईट औषध आहे, असा मुळीच नाही. १९५२ मध्ये अमेरिकेतील सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनच्या मलमाचा उपयोग दाखवून दिला आणि इसब असलेल्या असंख्य रुग्णांना दिलासा मिळाला. प्रश्न आहे तो कोणते, कुठे आणि किती दिवस लावायचे याचा. क्लोबेटॅसॉल हे या गटातील अतितीव्र औषध. ते सलग दोन आठवड्यांपेक्षा अधिक आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, अशी मर्यादा सांगितली जाते. जांघ आणि चेहऱ्याची त्वचा पातळ असल्याने तेथे औषध जास्त शोषले जाते. जांघेत पडलेले ताणाचे पांढुरके चट्टे पुढे कायमचे राहतात. चेहऱ्यावर हेच मलम ‘गोरेपणासाठी’ महिनोन्‌महिने चोळले, तर लाली, मुरुम, बारीक रक्तवाहिन्या आणि लव दिसू लागते; बंद करताच आग होते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब हाती घेतली जाते. वांगावरच्या उपचारासाठी क्लिगमन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या मिश्रणातही स्टेरॉइड होते, पण ते रंग उजळण्याचे प्रसाधन म्हणून नव्हे.

भारतात २०१८ मध्ये १४ प्रकारच्या स्टेरॉइड मलमांचा समावेश अनुसूची ‘एच’मध्ये करण्यात आला. म्हणजेच ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम कागदावर स्पष्ट आहे. मात्र चिठ्ठी न मागणारी दुकाने शोधायला फार लांब जावे लागत नाही.

दरम्यान बुरशीही बदलली आहे. भारत आणि नेपाळमधील रुग्णांत आढळलेल्या एका जातीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. तिच्या अनेक नमुन्यांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध चालत नाही; हे औषध ज्या विकरावर काम करते, त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. मग बहुधा इट्राकोनॅझोलचा आधार घ्यावा लागतो. त्याच्या कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायच्या असतात, कारण त्या शोषल्या जाण्यासाठी जठरातील आम्ल लागते. आम्लपित्ताच्या गोळ्यांमुळे त्यांचा परिणाम घटतो. हृदयाचे कार्य दुर्बल असेल किंवा कोलेस्टेरॉलसाठी काही स्टॅटिन गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगणे आवश्यक आहे. यकृताचा विकार असल्यास तोही लपवू नये.

मलम लावण्याचेही प्रमाण असते. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावे. खाज थांबताच मलम फडताळात टाकणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. घरात आणखी कुणाला चट्टे असतील, तर त्यांच्यावरही त्याच वेळी उपचार व्हायला हवेत. टॉवेल तर वेगळेच हवेत.

तपासणीला जाताना आधी वापरलेल्या सर्व ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्याव्यात. चट्ट्याची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की बुरशीचे तंतू दिसतात. ही चाचणी साधी असून थोड्याच वेळात होते. मात्र आदल्या दिवसापर्यंत बुरशीनाशक लावलेले असेल, तर तंतू न दिसण्याची शक्यता असते. म्हणून काय लावले होते, हे डॉक्टरांना खरवड घेण्यापूर्वीच सांगावे.