सरताज गीत आणि दुसरा रकाना

आमच्या जामसंड्याच्या घरात माळ्यावर एक लांबट वही आहे. लाल कापडी पाठीची, दुकानात उधारी मांडायला वापरतात तसली. ती माझ्या काकांची. पहिल्या पानावर १९५७ लिहिलंय आणि खाली दोन रकाने आहेत. डावीकडच्या रकान्यावर ‘बिनाका’, उजवीकडच्यावर ‘आपली’. दर वर्षाला एक पान. डिसेंबर संपत आला की आजकाल जो तो वर्षातले आवडते अल्बम जाहीर करतो, आणि आपण वर्षभर काय ऐकलं ते फोन न विचारताच सांगून टाकतो. त्या याद्या वाचताना मला ही वही आठवते. यादी करायची खोड जुनीच आहे. पण यादीत काय येऊ शकतं आणि काय येऊच शकत नाही, हे ठरवणारी माणसं आणि यंत्रं कुठे बसलेली असतात, ते या वहीमुळे मला कळलं.

डाव्या रकान्याचा इतिहास दिल्लीत सुरू होतो, आणि एका मराठी माणसापासून. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि पुढची दहा वर्षं त्या खात्यावर राहिले. संगीतातलं त्यांना कळत होतं. पण सिनेमाची गाणी म्हणजे सवंगपणा, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरचा या गाण्यांचा वेळ त्यांनी कापला, गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात म्हणून तेही बंद केलं. निर्माते चिडले, त्यांनी परवानग्या काढून घेतल्या, आणि थोड्याच काळात सरकारी रेडिओवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसं झालं. केसकरांवर सगळा राग काढणं बरोबर नाही. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, आठवड्याला एक या हिशेबानं, ‘गीतरामायणा’ची ५६ गीतं प्रसारित झाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. मराठीत ‘वर्षाचा अल्बम’ म्हणावं असं काही असेल तर ते हेच. फक्त त्याला तो शब्द कुणी लावला नाही. आमच्याकडे मात्र ते आधी छापलेल्या पुस्तकातून आलं आणि आजीनं ते आपल्याच चालींवर म्हटलं. फडक्यांच्या चाली कानावर पडल्यावर ती म्हणाली होती म्हणे, ह्यो माणूस चुकता खंय खंय.

सिनेमाची गाणी हवी असलेल्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या सैनिकांसाठी तिथे एक जबरदस्त ताकदीचं प्रक्षेपण केंद्र उभारलं होतं. युद्ध संपल्यावर ते रेडिओ सिलोनकडे आलं. लघुलहरींवर ते अख्ख्या हिंदुस्थानात ऐकू येई. डिसेंबर १९५२ मध्ये तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. प्रायोजक टूथपेस्टवाले, निवेदक विशीतले अमीन सयानी. सुरुवातीला क्रमवारी नव्हतीच. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बरोबर येईल त्याला बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि वर्षाच्या आत आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली, असं सयानी सांगत. एवढी पत्रं तपासणं अशक्य झालं, तेव्हा क्रमवारी त्यांनी स्वतःच लावायला घेतली. पायदान, सरताज हे शब्द आले आणि वर्षअखेरीला वर्षभराची यादी आली. १९५३ च्या यादीत अव्वल ठरलं ते ‘अनारकली’तलं गाणं. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, आणि आवाज लता मंगेशकरांचा.

यातला प्रवास बघण्यासारखा आहे. गाणं मुंबईत तयार व्हायचं. सयानींचा कार्यक्रमही मुंबईतच ध्वनिमुद्रित व्हायचा. मग टेप विमानानं कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठ वाजता तिथून लघुलहरींवर स्वार होऊन हजाराहून अधिक किलोमीटर ओलांडत देवगडच्या खाडीपाशी पोचायची. मुंबई आमच्यापासून चारशे-साडेचारशे किलोमीटर. तिथल्या गाण्याला आमच्याकडे यायला समुद्रापलीकडून वळसा घालावा लागे, कारण सरळ वाटेवर केसकर उभे होते. काका यावर एकच वाक्य बोलत, ‘‘ता कोलंबोसून येता, पण गातत आमचीच माणसा.’’

१९५७ साली काका एकोणीस वर्षांचे होते. घरी रेडिओ नव्हता आणि वीजही नव्हती. बाजारातल्या एका दुकानात बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा सेट होता. बुधवारी दुकानाच्या पायरीवर वीस-पंचवीस जण बसत. पावसात आवाज लाटांसारखा वरखाली होई, ऐन सरताजच्या वेळी खरखर येई, आणि मग कुठलं गाणं पहिलं आलं यावर वाद. तो वाद मिटवायला म्हणून वही सुरू झाली.

त्या वर्षीचं सरताज होतं ‘जनम जनम के फेरे’ या चित्रपटातलं. संगीतकार एस. एन. त्रिपाठी. पौराणिक-धार्मिक धाटणीचा सिनेमा, आज त्याचं नावही फार कुणाला आठवणार नाही. पण रफी-लताच्या त्या एका गाण्यानं शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर, सगळ्यांना मागे टाकलं. वहीत ते डावीकडे ठळक अक्षरांत आहे. उजवीकडे मात्र काकांनी पहिल्या क्रमांकावर ‘दो आँखें बारह हाथ’मधली प्रार्थना लिहिली आहे आणि पुढे कंसात ‘सोनवडे’.

सोनवडे हे कुडाळ तालुक्यातलं गाव. वसंत देसाई मूळचे तिथले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. १९५७ मध्ये कुडाळ काय आणि देवगड काय, रत्नागिरी जिल्ह्याचीच दक्षिणेची टोकं. म्हणजे काकांच्या दृष्टीनं देसाई हे घरचेच. मजा अशी की डावीकडचं आणि उजवीकडचं, दोन्ही गाणी एकाच गीतकाराची आहेत, भरत व्यासांची. एकाच माणसानं एकाच वर्षी लिहिलेल्या दोन गाण्यांपैकी एक सबंध देशात पहिलं आलं आणि दुसरं नाही. आणि पुढे झालं ते उलटं. ती प्रार्थना शाळाशाळांत गेली, सकाळच्या रांगांमध्ये गेली. ज्यांनी तो सिनेमा पाहिला नाही, व्ही. शांतारामांचं नाव ऐकलं नाही, त्यांनाही ती पाठ आहे. माझ्या शाळेत ती होती, माझ्या मुलीच्याही होती.

काकांना एकोणिसाव्या वर्षी हे दिसलं होतं, असा दावा मी करणार नाही. त्यांनी ते गाणं कुडाळच्या अभिमानापोटी वर ठेवलं असणार. पुढच्या पानांवर त्यांचे अंदाज भरपूर चुकलेले आहेत. १९६६ साली ‘सूरज’मधल्या गाण्याला त्यांनी उजवीकडे जागाच दिली नाही, आणि ते आजही प्रत्येक वरातीत वाजतं.

मात्र त्या वहीत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते, आणि ती रास्त होती. गीतमालेची क्रमवारी मुख्यतः रेकॉर्डच्या विक्रीवर लागे. मोठ्या शहरांतल्या ठरावीक दुकानांकडून आकडे मागवले जात. कंपन्या आपल्याच रेकॉर्ड उचलून आकडे फुगवतात असा संशय आला, तेव्हा गावोगावच्या श्रोता संघांची मतंही धरू लागले. पण पाया विक्रीचाच. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या त्या वीस-पंचवीस जणांपैकी एकानंही उभ्या आयुष्यात रेकॉर्ड विकत घेतली नव्हती. रेडिओचं लायसन्ससुद्धा दुकानदारच दर वर्षी पोस्टात भरे. ऐकण्यात आम्ही होतो, मोजण्यात नव्हतो. ‘यादीत आपलो हात खंय?’ असं १९६१ च्या पानाच्या समासात आहे.

लाँगप्ले रेकॉर्ड आल्या आणि अल्बम हा प्रकार खऱ्या अर्थानं सुरू झाला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, त्यामुळे तिथे गाणं हेच एकक. लाँगप्लेच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली आणि मराठीत एका सूत्रात ओवलेल्या गोष्टी झाल्या. आमच्याकडे त्या गणपतीत पोचत. कोकणातल्या गाणं ऐकणाऱ्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते चतुर्थीला सुरू होतं. चाकरमानी मुंबईहून येताना त्या वर्षीचं जे काही नवं असेल ते घेऊन येणार, ते दीड, पाच, सात दिवस वाजणार, आणि पुढच्या चतुर्थीपर्यंत तेच सगळ्यांच्या तोंडात राहणार. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून एसटीनं, मांडीवर रेकॉर्ड सांभाळत. वहीत सत्तरच्या दशकात ‘बिनाका’ हा रकाना बारीक होत जातो आणि उजवीकडे ‘गणपतीत आलेली’ असं नवं शीर्षक येतं.

त्यात हृदयनाथ मंगेशकर सारखे भेटतात. १९७४ ला शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा निघालेला ‘शिवकल्याण राजा’ आहे; भूषण, रामदास, सावरकर एका तबकडीवर, आवाज लताबाईंचा. आरती प्रभूंच्या कविता आहेत. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याकडचे, कुडाळला खानावळ चालवलेले, त्यामुळे त्यांच्यापुढेही कंसात गावाचं नाव. आणि कोळीगीतं आहेत, शांता शेळक्यांची. ती तर बंदरावर इतकी वाजली की पोरांना वाटे ती देवगडातच झाली. त्यातली बोली मात्र मुंबई-ठाण्याकडच्या कोळ्यांची. आमच्या किनाऱ्यावर मासेमारी करतात ते मुख्यतः गाबीत, आणि बोलतात मालवणी. काकांनी या रेकॉर्डला त्या वर्षीचा पहिला क्रमांक दिलाय आणि खाली लिहिलंय, ‘गाबितांची गाणी कोण करतलो?’

तो प्रश्न मला वहीतला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण गाणी होतीच. रात्र-रात्र चालत होती. घराघरात गणपतीपुढे भजन, देवळात सप्ताह, दशावतारात हार्मोनियम-मृदंगावरची पदं, आणि दोन बुवा समोरासमोर बसवून केलेली डबलबारी. एका बुवानं गजर करावा, गौळण म्हणावी, पुराणातलं कोडं टाकावं. दुसऱ्यानं त्याच चालीत उत्तर देऊन वर टोमणा मारावा. पेटी, पखवाज, झांज, चकी. मागे कोरस. लोक पहाटेपर्यंत हलत नसत. या जिल्ह्यातल्या माणसानं वर्षात सर्वांत जास्त काय ऐकलं असं प्रामाणिकपणे मोजलं असतं, तर उत्तर हेच आलं असतं. पण त्याची रेकॉर्ड नाही, म्हणून विक्री नाही, म्हणून क्रमांक नाही. सरकारी रेडिओवर तर पेटीलाच बंदी होती: १९४० साली घातलेली, १९७१ च्या सुमाराला सैल झालेली. श्रुती नीट देता येत नाहीत हा आक्षेप. संगीतशास्त्राच्या दृष्टीनं त्यात तथ्यही असेल. पण ज्या वाद्यावर आमचं अख्खं गाव गात होतं ते वाद्य तीसेक वर्षं हवेत जाऊच शकलं नाही.

फरक पडला तो कॅसेटनं. आखातातून टू-इन-वन आले, १९८३ मध्ये टी-सीरीज उभी राहिली, कॅसेट स्वस्त झाल्या आणि एचएमव्हीची सद्दी दशकभरात संपली. कॅसेट काढायला मोठी कंपनी लागत नाही, हे लालबाग-परळमधल्या आमच्या लोकांना लगेच कळलं. डबलबारीच्या कॅसेट आल्या, ‘वस्त्रहरण’ची आली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोरी कॅसेट आली. लाल बटण दाबलं की समोरचा बुवा आत.

वहीची शेवटची पानं १९८६ ते ८९ ची आहेत. डावा रकाना रिकामा. गीतमाला त्याच वर्षी विविध भारतीवर आली, म्हणजे सरळ वाटेनं ऐकता येऊ लागली, आणि काकांनी तिची दखलसुद्धा घेतली नाही. उजवीकडे सिनेमांची नावं नाहीत, कंपन्यांची नाहीत. नुसती घरं आहेत: कुणाच्या खळ्यात, कुठल्या बुवाची बारी, किती वाजेपर्यंत. एके ठिकाणी ‘पाऊस, तरी चार वाजले’. ८८ सालच्या पहिल्या क्रमांकापुढे कॅसेटचा नंबर घातलाय, ११.

अकरा नंबरची कॅसेट मला मागच्या चतुर्थीला सापडली. नव्वद मिनिटांची. आमच्या दमट हवेत फीत एकमेकींना चिकटलेली. पुण्याला एकाकडे देऊन ती सोडवून घेतली. अर्ध्याहून अधिक नुसती घरघर आहे. मग एकदम पेटी वर येते, एक बुवा गौळण उचलतो, कोरस तुटून पडतो, आणि मागे पत्र्यावर पाऊस. वहीत त्या पानावर बुवाचं नाव होतं, ते वाळवीनं खाल्लंय. गावात सात-आठ जुन्या माणसांना ऐकवलं. प्रत्येकानं वेगळं नाव सांगितलं. आजी असती तर तिनं नावापेक्षा आधी चाल कुठे चुकली ते सांगितलं असतं.