व्रणरोपण

व्रणरोपण : क्षत झालेले ऊतक शरीर ज्या क्रमाने भरून काढते, त्या प्रक्रियेस व्रणरोपण अशी संज्ञा आहे. यकृतासारखा अवयव गमावलेला भाग स्वकीय कोशिकांच्या वृद्धीने बहुतांशी परत मिळवितो. त्वचेस मात्र, जखम खोल असल्यास, वणावर समाधान मानावे लागते. प्रस्तुत नोंद त्वचेपुरती आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्या ग्रंथाची कालनिश्चिती विवाद्य आहे.

प्रक्रिया : प्रथम रक्त साकळते, नंतर श्वेतकोशिका जंतू व मृतांश यांचा निकाल लावतात आणि त्यामागून आलेल्या तंतुजनक कोशिका कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू विणू लागतात, वणास बळकटी येते ती या तंतूंमुळे.

क जीवनसत्त्व : कोलॅजेनाच्या घडणीस हे जीवनसत्त्व अपरिहार्य असल्याचा सर्वांत बोलका दाखला वैद्यकाच्या नव्हे, तर आरमाराच्या दफ्तरातून मिळतो. ब्रिटिश नौसेनानी ॲन्सनच्या जगप्रदक्षिणेच्या (१७४०–४४) वॉल्टर या धर्मोपदेशकाच्या नावे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात सेंचुरियन जहाजावरील एका वृद्ध सैनिकाची हकिकत आहे : बॉइनच्या लढाईत, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी, झालेल्या व कधीच भरून आलेल्या त्याच्या जखमा स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, ग्रासताच पुन्हा उघडल्या, आणि एकदा मोडून सांधलेले हाडही पूर्ववत सुटले. वणातील कोलॅजेनाची झीज व भर आयुष्यभर चालू असते, हे ध्यानी घेतल्यास ही हकिकत अतिशयोक्त वाटत नाही.

बॉस्टन येथील शल्यचिकित्सक जॉन क्रॅंडन यांनी १९३९ मध्ये स्वतःवरच प्रयोग आरंभिला. सुमारे सहा महिने त्यांनी भाजीपाला व फळे वर्ज्य केली आणि इतर जीवनसत्त्वे पूरक म्हणून घेतली. सुमारे सहा आठवड्यांत रक्तरसातील क जीवनसत्त्व शून्यावर आले. तरीही तिसऱ्या महिन्यात पाठीवर मुद्दाम घेतलेला छेद यथास्थित भरला. सहाव्या महिन्यातील छेद मात्र, दहा दिवसांनी तपासता, वरच्या त्वचेखाली भरलेलाच नव्हता. शिरेतून जीवनसत्त्व देताच रोपण सुरू झाले. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग एकाच व्यक्तीवरील असला, तरी रक्तातील अभाव आणि ऊतकातील अभाव यांत महिन्यांचे अंतर पडते, ही त्याची निष्पत्ती प्रस्तुत लेखकाच्या मते बहुतेक मोठ्या पाहण्यांहून मोलाची आहे.

आच्छादन : जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगांत पॉलिथीनच्या पापुद्र्याखाली ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरली. ‘हवा लागू दे, खपली धरू दे’ हा आपल्या घरोघरचा सल्ला त्यामुळे फेरविचारास पात्र ठरतो.

वृद्धिघटक : कोशिकांच्या वाढीस चालना देणाऱ्या या द्रव्यांच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोएन व रीटा लेव्ही-मोंताल्चीनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वणाची ताकद : पहिल्या काही आठवड्यांत ती झपाट्याने वाढते, पुढे मंदावते, वर्ष लोटले तरी ती अक्षत त्वचेच्या सुमारे चार पंचमांशांपलीकडे जात नाही.