पेव : एक शब्द आणि एक विस्मृत वेष्टनविद्या

‘संस्थांचे पेव फुटले’ असे आपण सहज लिहितो. परंतु पेव ही वस्तू कोणती, असे विचारल्यास पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही बहुधा निरुत्तर होतो. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) ‘धान्याचे भूमिगत कोठार’ हा तिचा मूळ अर्थ नोंदलेला आहे. अर्थ लोपला की त्याच्या आश्रयाने राहणारे ज्ञानही लोपते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

आजचा धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा हा ज्वारीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा प्रदेश होय. एका सुगीचे धान्य पुढील अवर्षणापर्यंत कसे पुरवावे, हा येथील कुणब्याचा जुना प्रश्न. मराठवाड्यात त्याचे एक उत्तर पेव हे होते. काळी जमीन पाणी धरते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पेव उंचवट्यावरील पांढरीत किंवा मुरमात घेत. तोंड अरुंद, पोट रुंद. भिंतींना शेणमातीचा लेप, तळाशी व कडेला कडबा, आणि तोंडावर दगड ठेवून मातीचे लिंपण.

बंद पेवात धान्य व कीटक यांच्या श्वसनाने प्राणवायू घटतो, कर्बवायू वाढतो, आणि कीड गुदमरून मरते. म्हणूनच नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरणे जिवावर बेते. आत सोडलेला दिवा विझला, तर हवा बदललेली आहे हे कळते. आज ज्यास ‘स्मार्ट पॅकेजिंग’ म्हणतात, त्यातील सूचकाचे तत्त्व याहून फार दूरचे नाही. स्टार्चच्या पातळ पडद्यात जांभळाचे किंवा तांबड्या कोबीचे रंगद्रव्य मिसळतात. अन्न नासू लागून त्याची आम्लता बदलली की रंग पालटतो. भूम परिसरातील खव्यासारख्या अल्पायुषी पदार्थास अशा वेष्टनाचा उपयोग होण्याजोगा आहे.

तथापि पेवाचे गौरवीकरण करणे इतिहासास धरून होणार नाही. ओल शिरली की कडेचे धान्य काळवंडे व त्यास कुबट वास येई. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुराने त्यांची मोठी हानी केली. स्टार्चच्या वेष्टनाचेही वैगुण्य हेच: त्यास ओलावा सोसत नाही. गोणपाट मातीत मिसळते, पण हवा अडवीत नाही; प्लॅस्टिक हवा अडविते, पण मातीत मिसळत नाही. जे मातीत मिसळावयाचे, ते पाण्यापुढे कधीतरी नमणारच.

ही अडचण पेवाने सोडविली नाही. ती मान्य केली. कडबा कुजावयाचाच, म्हणून तो पुनःपुन्हा नवा घालीत. धान्य टिकावे हा हेतू होता; वेष्टन टिकावे हा नव्हता. संशोधकांनी हा भेद ध्यानात घेतल्यास ‘वेष्टन किती काळ टिकेल?’ या प्रश्नाऐवजी ‘आतील पदार्थास ते किती काळ हवे?’ हा प्रश्न प्रथम पुढे येईल. तो प्रश्न ‘पेव’ या शब्दात आजवर पुरलेला होता.