सुरुंग काढणाऱ्यांच्या मागे बसलेली माणसं

डायनाचा तो फोटो चाळिशीपुढच्या बहुतेकांना आठवत असेल. 15 जानेवारी 1997, अंगोलातलं हुआंबो. अंगात संरक्षक जाकीट, तोंडावर पारदर्शक काच, बाजूला कवटीचं चित्र असलेल्या लाल पाट्या, आणि साफ केलेल्या पट्टीतून ती चालली आहे. जाकिटावर नाव होतं 'हॅलो ट्रस्ट'.

डायनाबद्दल खूप लिहून झालंय. मला त्या 'ट्रस्ट' शब्दात रस आहे. ट्रस्ट म्हटला की विश्वस्त आले, बैठका आल्या, हिशेब आले. सुरुंगाच्या शेतात गुडघे टेकून माती उकरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर कोण बसलेलं असतं?

गोष्ट 1988 पासूनची आहे. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून निघायला लागल्या होत्या. मागे राहिले सुरुंग, शेतात, रस्त्यावर, घरांच्या आसपास. काबूलमध्ये तीन ब्रिटिश माणसांनी ही संस्था काढली: कॉलिन मिचेल, त्यांच्या पत्नी सू आणि गाय विलोबी. यातले मिचेल म्हणजे अजब प्रकरण. 1967 साली एडनच्या क्रेटर भागात बॅगपाइप वाजवत पलटण घुसवणारे लेफ्टनंट कर्नल. वर्तमानपत्रांनी नाव ठेवलं 'मॅड मिच'. पुढे हुजूर पक्षाचे खासदारही झाले. साम्राज्याच्या शेवटच्या लढायांतला हा माणूस म्हातारपणी सुरुंग काढायला निघाला. विलोबीही सैन्यातलेच.

त्यामुळे संस्थेचा स्वभाव पलटणीचा. स्थानिक माणसं घ्यायची, शिकवायची, शिस्तीत कामाला लावायची. चर्चासत्रं नकोत, सुरुंग जमिनीतून काढा, आत्ताच्या आत्ता. 1989 साली रे मॅकग्रा या दुसऱ्या माजी सैनिकाने 'माइन्स अ‍ॅडव्हायझरी ग्रुप' सुरू केला. 1992 मध्ये ज्या सहा संस्थांनी सुरुंगबंदीची जागतिक मोहीम उघडली त्यांत मॅकग्रांची संस्था होती, हॅलो नव्हती. त्या मोहिमेला 1997 चं शांततेचं नोबेल मिळालं, डिसेंबरात ओटावाला करारावर सह्या झाल्या. (आपल्या देशाने त्यावर सही केलेली नाही, हे जाता जाता.) काम एकच, पण एक संस्था दिल्लीला मोर्चा नेणाऱ्यांसारखी, दुसरी गावात कुदळ घेऊन उतरणाऱ्यांसारखी. असा फरक बहुतेक वेळा पहिल्या चार माणसांवरूनच पडतो.

मिचेल 1996 मध्ये वारले. विलोबींनी 2014 पर्यंत संस्था चालवली. स्थापनेपासून मोजलं तर सव्वीस वर्षं! आपल्याकडे ही गोष्ट समजावून सांगायला नको. अमुक सर म्हणजेच संस्था, हे आपण प्रत्येक तालुक्यात बघतो. इतकी वर्षं बातमीदारी करताना धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्टच्या इतक्या फायली चाळल्यात की संस्थापक असेपर्यंत विश्वस्तांच्या सह्या कशा होतात ते मला पाठ आहे. रजिस्टर घरी येतं, चहा होतो, सही होते.

ब्रिटनमध्ये कायदा काय म्हणतो? संस्थेची शेवटची जबाबदारी विश्वस्त मंडळाची. पगारी मुख्याधिकारी कितीही मोठा असो, तो मंडळाला उत्तर देतो. आणि विश्वस्ताने हे काम बिनपगारी करायचं, रीतसर परवानगी असल्याशिवाय त्यातून फायदा घ्यायचा नाही. 2014-15 च्या सुमारास हॅलोत इथेच ठिणगी पडली. काही विश्वस्तांना सल्ल्याच्या कामाचे पैसे दिल्याच्या बातम्या ब्रिटिश वर्तमानपत्रांत आल्या, वाद झाला. मंडळावर असलेली अभिनेत्री अँजेलिना जोलीही त्या काळात बाहेर पडली. 2015 मध्ये मुख्याधिकारी म्हणून आले जेम्स कोवन, निवृत्त मेजर जनरल. म्हणजे पुन्हा लष्करीच माणूस.

मला विचाराल तर मानधनाचा वाद त्या मानाने छोटा. विश्वस्ताच्या खुर्चीचं खरं वजन कळलं 8 जून 2021 ला. अफगाणिस्तानातला बघलान प्रांत (आपलं नाशिकचं बागलाण नव्हे). दिवसभराचं काम संपवून माणसं छावणीत होती. रात्री बंदूकधारी घुसले. तुमच्यात हजारा कोण, असं विचारू लागले. 10 जण ठार, कित्येक जखमी. सगळी अफगाण माणसं. जबाबदारी इस्लामिक स्टेटने घेतली, आणि जवळपासचे तालिबानी मदतीला आले असं संस्थेनेच सांगितलं.

आता बोला. मंडळ ब्रिटनमध्ये, छावणी बघलानमध्ये. काम थांबवावं तर सुरुंग तिथेच, पोरं तिथूनच शाळेत जाणार. चालू ठेवावं तर उद्या पुन्हा हल्ला झाला तर? अशा प्रश्नाला कुठलाही ठराव पुरत नाही, तरी ठराव कुणाला तरी करावाच लागतो. संस्था थांबली नाही. दोन महिन्यांनी काबूल पडलं, तालिबान आले, तरी काम चालू राहिलं. ज्यांच्याशी हस्तांदोलन करताना फोटो काढायला लाज वाटेल, त्यांच्याशी बोलूनच.

आणि पैसा? देणग्यांच्या डब्यातून हे काम चालत नाही. मोठा वाटा सरकारांचा असतो, त्यात अमेरिका फार मोठी. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प सरकारने परदेशी मदत गोठवली आणि अमेरिकेच्या पैशावर जगभर चाललेली सुरुंग काढण्याची कामं थांबवायचा आदेश निघाला. जमीन अर्धी साफ, अर्धी तशीच. त्या आठवड्यात अशा संस्थांच्या मंडळांपुढे कागद आला असेल तो साधाच: पुढच्या महिन्याचा पगार कुणाला द्यायचा आणि कुणाला घरी पाठवायचं. घरी म्हणजे त्याच गावात, ज्याच्या कडेचं शेत अजून साफ व्हायचंय.