अक्कलदाढ, अडकलेली : शस्त्रक्रिया

जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागातील शेवटची, म्हणजे तिसरी दाढ साधारणपणे वयाच्या 17 ते 25 या वर्षांच्या दरम्यान उगवते. परंतु तिला वर येण्यास पुरेसा वाव मिळाला नाही, तर ती हिरडीखाली किंवा हाडातच अडकून राहते व प्रसंगी शस्त्रक्रियेने काढावी लागते. अशा दाढेच्या कलावरून जी. बी. विंटर या अमेरिकन दंतशल्यविशारदाने 1926 साली केलेले वर्गीकरण अद्यापि प्रचारात असून, खालच्या जबड्यात पुढे कललेली दाढ सर्वांत अधिक आढळते.

अर्धवट वर आलेल्या दाढेवरील हिरडीच्या पदराखाली अन्नकण व जंतू साचले म्हणजे दाह होऊन गाल सुजतो आणि तोंड उघडणे मुश्किल होते. पुढे शेजारची दाढ किडण्याचा किंवा भोवती द्रवार्बुद वाढून हाड पोखरले जाण्याचाही संभव असतो. मात्र ज्या दाढेची काही तक्रार नाही ती केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असा दंडक इंग्लंडमध्ये 2000 साली सरकारी आरोग्यसेवेसाठी घालण्यात आला, आणि तो सर्वथा योग्य होय; कारण खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना पुरविणारी तंत्रिका हाडातील नलिकेतून पुष्कळदा या दाढेच्या मुळांना अगदी खेटून जाते, जिभेची तंत्रिका आतल्या बाजूस हाडालगतच असते, आणि त्यांना इजा झाल्यास येणारा बधिरपणा बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरत असला, तरी क्वचित जन्मभर राहतो. म्हणून क्ष-किरणचित्रात नलिकेची पांढरी रेषा मुळांपाशी खंडित दिसली, की कुशल शल्यविशारद मुळे जागीच ठेवून केवळ दाढेचा माथा कापून काढणे पसंत करतो.

अॅड्रेनॅलीनमिश्रित लिग्नोकेनची सुई देऊन त्या बाजूचा ओठ बधिर झाल्याची खात्री पटल्यावर हिरडीला छेद घेऊन तिचा पदर उचलतात आणि दाढेभोवतीचे हाड फिरत्या यंत्राने कोरतात. त्या वेळी मिठाच्या निर्जंतुक पाण्याची धार अखंड चालू ठेवावी लागते, कारण घर्षणाने तापलेले हाड मृत होते. अधिक हाड तोडावे लागू नये म्हणून दाढेचेच तुकडे करून ते एकेक बाहेर काढतात, पोकळी धुतात व टाके घालतात.

त्यानंतर अर्धा तास कापसाच्या जाळीची घडी दाताखाली घट्ट दाबून धरावी, पहिला दिवस चुळा भरू नयेत आणि धूम्रपान तर कटाक्षाने वर्ज्य करावे. एरवी पोकळीतील रक्ताची गाठ निसटून हाड उघडे पडते आणि सुमारे तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणारा असह्य ठणका लागतो. यावर पोकळी हळुवार धुऊन तीत लवंगेच्या तेलाच्या अर्काची औषधी पट्टी भरतात.