पत्र पावले, पावल्याचे पावले

मराठी पत्रव्यवहार शिकविताना आम्ही एक चूक वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. राजवाड्यांनी १८९८ साली काढलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड उघडावा, विद्यार्थ्यांना मायना ओलांडायला सांगावे, ‘पत्र पाठविले ते पावले’ यासारखी वाक्ये ठरीव म्हणून सोडून द्यावीत आणि थेट मजकुराला भिडावे, ही आमची रीत. अलीकडे संगणकीय जाळ्यांचा इतिहास वाचताना वाटू लागले की, ती ठरीव वाक्ये हाही मजकूरच होता.

अडचण जुनीच आहे. वाट बेभरवशाची असेल तर पाठविलेले पोचले हे कसे समजावे? पोच मागावी, तर पोचही वाटेत हरवू शकते. पोचेची पोच मागावी, तर तिचेही तेच. शेवटच्या पत्राची खात्री कधीच होत नाही. पानिपतापूर्वीच्या महिन्यांत भाऊसाहेबांचा दक्षिणेशी असलेला पत्रसंबंध तुटला होता. १७६१च्या जानेवारीत उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना पराभवाची वार्ता कळली ती, परंपरा सांगते, वाटेत हाती लागलेल्या एका सावकारी पत्रातून. राज्याची डाक खुंटली, पेढीची चालू राहिली.

पेढीने हरवण्याचा विचार आधीच करून ठेवला होता. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत निघे, ती पेठ. तीही हरवली तर परपेठ. नुसती नक्कल काढणे सोपे असते. पण हरवली समजलेली मूळ हुंडी महिन्याने अवचित हजर झाली तर? म्हणून पेठेत मूळ हुंडीचा हवाला असे आणि ती सकारली नसेल तरच हिचे पैसे द्यावेत, अशी अट असे. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोका म्हणत. तिचा व्यवहार तेथे संपे.

व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे १९७४मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून पुढे टीसीपी हा नियमसंच घडला. त्यालाही हाच प्रश्न छळत होता. हरवलेला तुकडा पुन्हा पाठविता येतो. रेंगाळलेला जुना तुकडा मात्र भुतासारखा उगवून नवा संवाद सुरू झाल्याचा भास निर्माण करतो. १९७५मध्ये रे टॉमलिन्सन यांनी सुचविलेला तोडगा तीन पत्रांचा आहे. पहिला आपला क्रमांक कळवितो. दुसरा तो क्रमांक पावल्याचे सांगून स्वतःचा कळवितो. पहिला त्याची पोच देतो. पहिले पत्र शिळे असेल, तर तिसऱ्याच्या जागी ‘मी हे विचारलेच नव्हते’ असे उत्तर जाते आणि भूत उतरते. चिखलदऱ्याच्या घाटात भ्रमणध्वनीवर आपण हेच करतो : ‘ऐकू येतंय का?’ ‘येतंय, तुम्हाला?’ ‘हो, येतंय.’ मग बोलणे.

म्हणजे सारे आपल्याकडे आधीच होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या छापाच्या अभिमानाचा आम्हाला कंटाळा आहे. हुंडी माणसाच्या पतीवर चाले. टीसीपीला पत ठाऊक नाही. तेथे दोन अनोळखी यंत्रे केवळ आकड्यांवर एकमेकांशी बांधली जातात. आणि तगादा लावण्याची मर्यादा त्यालाही ठेच लागूनच कळली. ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठाला जवळच्या प्रयोगशाळेशी जोडणाऱ्या, अवघ्या ४०० यार्डांच्या वाटेवर सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. पोच येईना म्हणून जो तो तेच तेच पुन्हा पाठवीत होता आणि त्यानेच वाट तुंबत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये मांडलेला उपाय असा, की पोच आली नाही तर आधी आपला वेग आवरावा. मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईचे आयआयटी ज्या ‘अर्नेट’मध्ये सामील होते, ते त्याच १९८६ साली सुरू झाले.

निरोपाची तऱ्हा आम्हाला सर्वांत विलक्षण वाटली. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे ‘माझे संपले’ म्हणतात आणि समोरच्याची पोच देतात. पण ज्याने आधी निरोप घेतला, तो शेवटची पोच धाडूनही लगेच उठत नाही. ती हरवली असेल आणि पलीकडून तोच निरोप पुन्हा येईल, एखादा तुकडा अजून वाटेत असेल, म्हणून तो थांबतो. तुकड्याचे आयुष्य १९८१च्या नियमात दोन मिनिटे धरले आहे, आणि थांबायचे त्याच्या दुप्पट. चार मिनिटे.